नाकाचं माप

छातीचं माप येतं मला, दंडाचं, कमरेचं,
न सांगता वाढलेल्या पोटाचंसुद्धा.
नाकाचं माप घ्यायला मात्र
बावन्नावं वर्ष उजाडावं लागलं,
सांगलीत, गणपती पेठेच्या मागच्या बोळात,
पिको-फॉलची पाटी असलेल्या साडेसहा फुटी दुकानात,
ज्याचं शटर त्या दिवसांत अर्धंच वर असायचं.

पहिले वीस वाया गेले.
टेरिकॉटचे होते, देखणे,
घालणाऱ्याचा जीव मात्र कासावीस.
मग मलमल घेतली, एकेरी.
दस्तगीरनं तो तोंडाला लावला, काडी ओढली,
फुंकर मारली. विझली.
"वैनी, ह्यातनं तर वारं सरळ जातंय की."
मांजरपाट दुहेरी करून दिला तेव्हा
ज्योत नुसती हलली
आणि त्याचं बोट भाजेपर्यंत जळत राहिली.
तो हसला असावा.
डोळ्यांवरनं ओळखायला तेव्हाच शिकत होते.

गुरव मास्तरांचा चष्मा धुक्यानं भरायचा,
पेपर वाचता वाचता शब्द गायब.
त्यांच्या नाकावर बसवली
टोस्टच्या पुड्याचं तोंड बांधतात ती सोनेरी तार.
राजमतीकाकूंच्या कानात आधीच मशीन;
इलास्टिक ओढलं की ते खाली, आणि शोधाशोध.
त्यांची नाडी अंबाड्याखाली बांधली.
तसंही इलास्टिक बाजारातनं संपलं होतं,
लहान मुलींच्या परकराचं काढून वापरत होते मी.
चौकात उन्हात उभा राहणारा होमगार्डचा पोरगा,
घामानं दुपारपर्यंत चिंब.
ओला झाला की बदल, म्हटलं, त्याला तीन दिले,
पैसे दोनाचे घेतले.

तायव्वा आली ती भांडतच.
यार्डाच्या गेटवर पाचशेची पावती फाडली होती तिची.
"पदर हुता की तोंडाला!
पदर चालत न्हाई म्हणं, तीन पदरी पायजे.
मग माझा काय दोन पदरी हाय का?"

बस, म्हटलं. टेप घेतला,
नाकाच्या हाडापासनं हनुवटीखाली,
गालावरनं कानापर्यंत.
टेप पिवळा झाला.

हळद पॉलिश करायच्या ड्रमपाशी तीस वर्षं.
शिंकरलं तर पिवळं, थुंकलं तर पिवळं,
अंथरुणात उशीचा अभ्रा पिवळा.
"लेक म्हनायची, आये, तुजं लगीन रोजच लागतंय."
तिनं हे हसतच सांगितलं,
मग खोकला आला, तो बराच वेळ चालला.
"तवा न्हाई कुनी पावती फाडली."

तिचा शिवायला मला एक दुपार लागली.
बाहेरनं दोन पदर मांजरपाट,
आतनं माझ्या जुन्या लुगड्याचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा,
शिवण बाहेरच्या अंगाला, गाल सोलू नये म्हणून.
नाडी गळ्यात अडकणारी,
कारण पोत्याला दोन्ही हात लागतात.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती परत आली.
मशीनवर तो उलगडून ठेवला.
बाहेरनं पिवळाधमक.
आतनं पांढरा.

तिनं तो उलटा केला, सुलटा केला,
फाटकी नोट बघतात तसा उजेडाकडे धरला.
"एवढी जात हुती व्हय आत," म्हणाली.
मी पायाखालच्या चिंध्या गोळा करायला लागले.
तीस वर्षांचा गुणाकार
दोघींनाही येत नव्हता असं नाही.

नियम उठला. पावत्या बंद झाल्या.
दस्तगीर मास्कनं सायकलीची चेन पुसतो.
काकूंचा कपाटात आहे, डांबरगोळ्यांशेजारी.
माझ्याकडे आणलेलं इलास्टिक उरलं,
ते फ्रॉकांत संपलं.

तायव्वा येते. सौदे सुरू झाले की,
दरवर्षी चार मास्क, घासाघीस न करता.
यंदा आणखी दोघींना घेऊन आली,
एक तर अगदी कवळी, नुकतीच ड्रमवर लागलेली.
"घे ह्यांचं बी माप."

टेप मी प्रत्येक वेळी साबणानं घासते.
चार ते नऊ इंचांमधले आकडे
आता वाचता येत नाहीत,
बोटानं मोजते.